दारात पळस

नांदेड-लातूर भागात नवे घर उभे राहिले की फाटकाशी फुलांचे एखादे झाड लागतेच. पाण्याची बोंब असली तरी लागते, आणि ही हौस मला मोलाची वाटते. जिथे वर्षातले निम्मे महिने माळ करडा असतो, तिथल्या माणसाला दारात रंग हवासा वाटणे हे निकोप मनाचे लक्षण आहे. बहुतेकांच्या दारात गुलमोहर किंवा सोनमोहोर येतो. ज्यांना शेजाऱ्याहून वेगळे काही हवे असते ते टॅबेबुया, बॉटलब्रश शोधतात. आता तर लाल फुलांच्या शोभेच्या निलगिरीच्या बियांची पाकिटेही घरबसल्या मागवता येतात. छायाचित्रातले ते झाड पाहिले की मोह पडावा असेच आहे. बुटकेसे, गोलसर डेऱ्याचे, आणि बहरात पाने झाकून टाकतील इतके शेंदरी-लाल केसरांचे गुच्छ. असे झाड दारात हवे असे वाटण्यात काहीच चुकीचे नाही. पण त्या मोहात माणूस जे मागतो आहे ते, म्हणजे मध्यम उंचीचे, आगीच्या रंगाने पेटणारे, थोड्या पाण्यावर जगणारे झाड, त्याच्याच तालुक्यात हजारो वर्षे उभे आहे. ते पळसाचे. पळस माळावर ठीक, दारात कशाला, ही समजूत या दोन जिल्ह्यांनी आता सोडावी असे माझे म्हणणे आहे, आणि त्याची कारणे केवळ भावनिक नाहीत.

आधी त्या परदेशी झाडाला न्याय देऊ. शास्त्रज्ञ त्याला कोरिंबिया फिसिफोलिया म्हणतात. फर्डिनांड फॉन म्युलर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६० मध्ये त्याचे वर्णन निलगिरीची एक जात म्हणून केले आणि १९९५ मध्ये ते कोरिंबिया या वेगळ्या प्रजातीत गेले. जगभरच्या बागांत पसरलेले हे झाड मूळचे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या अगदी लहानशा पट्ट्यातले आहे. तिथली जमीन वाळूची, निकस, पाणी झटकन खाली सोडणारी. तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो, थंड हवेत, आणि उन्हाळा कोरडा पण समुद्रामुळे सौम्य असतो. झाड या ऋतुचक्राशी जुळलेले आहे: ओल असते तेव्हा गारवा, आणि ऊब असते तेव्हा कोरडेपणा. मराठवाड्यात नेमके उलटे आहे. इथे ओल आणि ऊब एकत्र येतात. जून ते सप्टेंबरमध्ये वर्षाच्या पावसाचा बहुतेक वाटा पडून जातो, काळी माती फुगून चिकट होते आणि मुळांभोवतीची हवा कोंडते. शिवाय त्याआधीचा मे महिना ४२-४३ अंशांचा. खुद्द ऑस्ट्रेलियात सिडनी-ब्रिस्बेनच्या बाजूला, जिथे उन्हाळा दमट असतो, हे झाड आपल्या मुळांवर नीट टिकत नाही. म्हणून तिथले माळी ते दमट हवा सोसणाऱ्या नात्यातल्या जातींच्या खुंटावर कलम करून विकतात. स्वतःच्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला ज्याला परक्या खुंटाचा आधार लागतो, त्याचे बी अहमदपूरच्या चिकण मातीत टोकून बहराची वाट पाहणे म्हणजे त्या झाडावरही अन्याय आहे. बियांपासून आलेल्या झाडाच्या फुलांचा रंग कोणता निघेल याचीही खात्री नसते. लाल छटेच्या भरवशावर लावलेले झाड गुलाबी किंवा फिकटही फुलू शकते.

यावर कोणीही म्हणेल की निलगिरी तर आपल्याकडे सर्रास वाढते. बांधावर, रस्त्याच्या कडेला, शाळांच्या कुंपणाशी तिच्या रांगा आहेत. खरे आहे. पण ती निलगिरी वेगळी. भारतभर लागवडीखाली असलेली जात मुख्यतः म्हैसूर गम या नावाने ओळखली जाते. टिपू सुलतानाच्या काळात, १७९० च्या सुमारास, नंदी टेकडीवर आणून लावलेल्या झाडांपासून तिचा वंश सांगतात. ती उष्ण हवेला आणि मोसमी पावसाला सरावली आहे आणि लाकडासाठी लावली जाते. फुले तिलाही येतात, मधमाश्या त्यांवर जातातही, पण पांढुरक्या रंगाची ती बारीक फुले दारची शोभा म्हणून कोणी पाहत नाही. शिवाय तिच्याबद्दलचे मत आता बदलले आहे. लातूरच्या सीमेला लागून असलेल्या कर्नाटकाने भूजलाच्या काळजीपोटी २०१७ मध्ये निलगिरीच्या नव्या लागवडीला बंदी घातली. निलगिरी सगळीकडे सारखीच पाणी ओढते असे मी म्हणत नाही. माती, खोली, झाडांची दाटी यांवर ते पुष्कळ अवलंबून आहे. पण ज्या भागात पाचशे-सातशे फुटांवर बोअर मारूनही धूळ निघते, तिथे बारा महिने हिरवे राहून बारा महिने पाणी उपसणाऱ्या झाडाला दारात जागा देताना दोनदा विचार व्हावा, एवढे तरी मान्य व्हायला हरकत नाही.

इथेच पळसाचा आणि या प्रदेशाचा संबंध उलगडतो. पळसाचा बहर कोरड्या ऋतूच्या विरोधात येत नाही, कोरड्या ऋतूतूनच येतो. पौष-माघात ओल खाली जाऊ लागली की पळस पाने टाकतो. झाडातले पाणी बाहेर जाण्याची मुख्य वाट म्हणजे पान, आणि ती वाटच तो बंद करतो. मग उघड्या, वेड्यावाकड्या फांद्यांवर काळसर मखमली देठांचे घोस धरतात आणि माघाच्या अखेरीपासून फाल्गुनभर सारे झाड केशरी-लाल होते. वर एक थेंब पाऊस नसतो, जमिनीला भेगा पडायला लागलेल्या असतात, आणि खोल गेलेल्या मुळांच्या व साठवलेल्या अन्नाच्या बळावर हे झाड वर्षातले सर्वांत उधळे काम करत असते. पानेच नसल्यामुळे फूल दुरून दिसते, आणि ज्यांना ते दिसायला हवे ते पक्षी त्या दिवसांत मधासाठी वणवण करतच असतात. दिल्लीच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पळसावर सात जातींचे पक्षी येताना नोंदवले गेले, पण परागीभवनाचे खरे काम करणारा पक्षी एकच निघाला, तो म्हणजे जांभळा शिंजीर. त्याच्या जोडीला खार. पोपटाच्या चोचीसारख्या वळलेल्या त्या पाकळीत चोच घालून शिंजीर मध पितो तेव्हा पराग त्याच्या अंगाला लागतात. स्वतःच्याच परागांवर शेंग धरण्याचे पळसाचे प्रमाण कमी असते, असेही त्या अभ्यासात दिसले. म्हणजे एका दारातला पळस शेजारच्या दारातल्या पळसाला उपयोगी पडतो. एकाच कॉलनीत चार जणांनी लावला तर झाडांचे चांगले होते, शिंजिराचेही होते.

आता पाण्याचा हिशेब मांडू, कारण लातूरमध्ये तो टाळून कोणत्याही झाडाविषयी बोलता येणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते, पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. ज्या शहराने हे पाहिले तिथे शोभेच्या झाडाला पाणी घाला असे सांगणाऱ्याची मान खाली जायला हवी, असा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. त्याचे उत्तर आकड्यांतच आहे. लहान पळसाला कोरड्या दिवसांत आठवड्याला पंधरा लिटरची एक बादली पुरते असे धरले, तर फेब्रुवारी ते जून या वीस आठवड्यांत तीनशे लिटर होतात. भाज्या धुतलेले, फरशी पुसलेले पाणी यातच मोजायचे. असे दोन, फार तर तीन उन्हाळे काढले की त्यानंतर त्याला काहीही घालावे लागत नाही. माळावरच्या पळसाला कोणी कधी पाणी घातले नाही, आणि २०१६ च्या फाल्गुनातही तो फुलायचा राहिला नाही. ज्या लॉनला रोज पाणी लागते, ज्या कुंड्या मे महिन्यात दोन वेळा भिजवाव्या लागतात, त्यांच्याशी या तीनशे लिटरची तुलना करून पाहावी. दुष्काळी गावाने शोभा सोडून द्यावी असे मला वाटत नाही. त्याने अशी शोभा निवडावी की जिचे देणे तीन वर्षांत फिटते.

मग पळस दारात का आला नाही? माझ्या मते याचे कारण तिरस्कारात नाही, विपुलतेत आहे. पळस कुठेही गेले तरी सारखाच, अशा अर्थाची त्याच्या तीन पानांची म्हण रूढ झाली, कारण ते झाड नजरेआड होणे शक्यच नव्हते. गावाला त्याचे सगळे काही लागत होते. पत्रावळी आणि द्रोण त्याच्या पानांचे, मुंजीत बटूच्या हाती दिला जाणारा दंड त्याचा, समिधा त्याच्या, रंगपंचमीचा पिवळा-केशरी रंग त्याच्या फुलांचा, जंतांवर पळसपापडी त्याच्या बियांची. विदर्भाला लागून असलेल्या भागात पोळ्याला पळसाच्या डहाळ्या दाराशी येतात. खोडाला जखम झाली की वाहणारा तांबडा रस वाळून माणकाच्या खड्यांसारखा होतो. तो कमरकस म्हणून किराणा दुकानांतून आणि वैद्यांकडे मिळतो आणि बाळंतिणीच्या लाडवांत जातो. (हाच डिंक एकेकाळी बंगाल किनो या नावाने परदेशी व्यापारात होता, आणि गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या निलगिरींचा तसाच लाल, तुरट रस बॉटनी बे किनो म्हणून विकला जाई. ती शोभेची लाल निलगिरीही याच रक्तासारखा रस गाळणाऱ्या गटातली आहे. गुणांनी ही दोन झाडे तशी फार परकी नाहीत.) इतके सगळे देणारे झाड बांधावर, धुऱ्यावर, गायरानात फुकट उभे असताना ते मुद्दाम खड्डा खणून दारात कोण लावील? घराजवळची जागा तुळशीला, कडुलिंबाला, सीताफळाला. पळस होताच.

आता तो तसा राहिलेला नाही, आणि माझ्या सगळ्या युक्तिवादाचा कणा इथे आहे. लातूर जिल्ह्यात वनाखालचे क्षेत्र एक टक्काही भरत नाही. राज्यात इतके कमी जंगल असलेले जिल्हे बोटांवर मोजण्याइतके आहेत. चाकूर तालुक्यातल्या वडवळ नागनाथच्या बेटासारखी औषधी वनस्पतींनी भरलेली एखादी टेकडी सोडली तर रानचे म्हणावे असे फारसे उरलेले नाही. बालाघाटच्या पठारावर सोयाबीनचे क्षेत्र वाढत गेले, ट्रॅक्टरला वळायला जागा हवी म्हणून बांध कोरले गेले, आणि बांधावरचे पळस आधी गेले, कारण त्यांचे लाकूड विकून पैसा येत नाही आणि आंब्या-चिंचेसारखे फळही येत नाही. तुळजापूर-औसा-लातूर-अहमदपूर-नांदेड हा महामार्ग रुंद झाला तेव्हा कडेची जुनी झाडे गेली, आणि दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल आली. नांदेडची स्थिती थोडी वेगळी आहे. भोकर, हिमायतनगर ओलांडून किनवटकडे जावे तसे साग आणि पळस दिसू लागतात, सहस्रकुंडाच्या पुढे माहूरपर्यंतच्या डोंगरांत फाल्गुनात अजूनही रान पेटल्यासारखे वाटते, पैनगंगेच्या काठी अभयारण्य आहे. त्यामुळे एकाच विभागात विचित्र दृश्य दिसते. किनवटच्या माणसाला पळस दारात लावायचे कारण वाटत नाही, कारण तो दारापासून हाकेच्या अंतरावर आहे. निलंग्याच्या मुलाला मात्र पळस फक्त पुस्तकात आणि पत्रावळीत भेटतो, आणि पत्रावळीही आता बहुधा कागदाची असते. फुकट मिळते ते लावायचे नाही, हा नियम जिथे ते फुकट मिळायचे बंद झाले तिथे कसा चालेल?

पळस लावायचा म्हणजे काय करायचे, हे नीट सांगायला हवे, कारण तो जंगली आहे म्हणून कसाही येतो हा गैरसमज रोप मारतो. त्याच्या चपट्या, कागदी शेंगा वैशाख-ज्येष्ठात पिकून वाऱ्यावर उडतात. शेंगेच्या टोकाशी एकच चपटे तांबूस बी असते. ते ताजे असतानाच पेरावे, वर्षभर डब्यात ठेवलेल्या बियांवर विसंबू नये. पहिला चांगला पाऊस झाला की ज्या जागी झाड हवे त्याच जागी दोन-तीन बिया आडव्या टोकाव्यात आणि पुढे त्यांतले जोमाचे रोप ठेवावे. रोपवाटिकेतून आणलेल्या पिशवीपेक्षा हीच पद्धत चांगली, कारण पळस आधी खाली वाढतो आणि मग वर. त्याचे सोटमूळ काही आठवड्यांतच पिशवीचा तळ गाठते, तिथे वळून गुंडाळी होते, आणि असे रोप पुढे कायम अडखळत राहते. पिशवीतच करायचे असेल तर लांब पिशवी घ्यावी आणि त्याच पावसाळ्यात ते जमिनीत न्यावे. काळ्या मातीत मोठा खड्डा करून तो शेणखताने भरण्याची आपली सवय इथे घातक ठरू शकते. भोवतालची चिकण माती पाणी सोडत नाही आणि भुसभुशीत भरलेला खड्डा पावसाळाभर डबके होऊन बसतो. मोठा पळस पाणथळ आणि चोपण जमीनही सोसतो, कोवळ्या रोपाला मात्र मुळाशी हवा लागते. खड्ड्यातलीच माती थोड्या मुरुमात आणि थोड्या खतात मिसळून परत भरावी आणि जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवावी. लातूर-औशाच्या पठारावर वीत-दोन विती मातीखाली मुरूमच लागतो, तिथे ही अडचण कमी.

यापुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तीच बहुतेकांना ठाऊक नसते. पळसाच्या रोपाचा वरचा शेंडा पहिल्या काही वर्षांत कोरड्या दिवसांत वाळून जातो. डिसेंबरपर्यंत टुमटुमीत दिसणारे रोप मार्चमध्ये काडी होते. घरातले लोक ते मेले समजून उपटून टाकतात आणि त्या जागी नर्सरीतून काहीतरी हिरवे आणतात. प्रत्यक्षात खाली मूळ जिवंत असते, जाड होत असते, आणि पाऊस पडला की बुडापासून आधीपेक्षा जोरकस फूट येते. एक-दोनदा, कधी तीनदाही हे घडते, आणि मग एका वर्षी शेंडा वाळत नाही. काडी दिसली की शेजारी एक खूण रोवावी, आठवड्याची बादली चालू ठेवावी, बुडाशी पाचटाचे किंवा पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे आणि झाडूवाल्यांना, गवत कापणाऱ्यांना ती जागा दाखवून ठेवावी. शेळ्या पळसाला फारसे तोंड लावत नाहीत, त्यामुळे लोखंडी जाळीचा खर्च बहुधा वाचतो. झाड सावरले की त्याला दोन गोष्टींपासून जपायचे. पहिली म्हणजे फरशी. हल्ली अंगणात पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडवतात. पळसाच्या बुडाशी निदान चार-पाच फुटांचे मातीचे वर्तुळ उघडे राहिले पाहिजे. दुसरी म्हणजे चुकीच्या वेळची छाटणी. दिवाळीनंतर फांद्या कापल्या की फाल्गुनातला बहरच कापला जातो. काही काढायचे असेल तर फुले संपल्यावर काढावे. कमरकस हवा म्हणून खोडावर कोयत्याचे घाव घालू नयेत आणि निवडणुकीच्या काळात खिळे ठोकू देऊ नयेत.

आक्षेप आणखीही आहेत आणि त्यांत तथ्य आहे. पहिला सावलीचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन तापायला लागते नेमके तेव्हा, पळस उघडा असतो, आणि नवी पालवी भरायला एप्रिल-मे उजाडतो. जिला दाराशी फक्त एकच झाड लावता येते आणि त्याखाली दुपारी बसायचे आहे, तिने कडुलिंब किंवा करंज लावावा, यावर माझा वाद नाही. पण कुंपणाच्या कोपऱ्यात दुसऱ्या झाडाला जागा असेल तर ती पळसाची. दुसरा आक्षेप बहराच्या मुदतीचा. गुलमोहर दीड-दोन महिने फुललेला असतो, पळसाची झळाळी महिनाभर. हेही खरे. मात्र मादागास्करहून आलेल्या त्या झाडाची मुळे उथळ पसरतात, फांद्या ठिसूळ असतात, आणि एप्रिल-मेच्या वादळी पावसात रस्त्यावर, तारांवर, उभ्या गाड्यांवर पडलेल्या फांद्या बऱ्याचदा त्याच्या असतात. मी गुलमोहराच्या विरोधात नाही. चौकात, मैदानात, जिथे पडायला जागा आहे तिथे तो असावा. परदेशी म्हणून झाड वाईट ठरवणे मला पटत नाही, मिरची आणि टोमॅटो खाणाऱ्यांनी तसे म्हणूही नये. झाडाला विचारायचे प्रश्न वेगळे आहेत: या मातीत तुझे मूळ जाते का, आमच्या पावसाच्या वेळेशी तुझी वेळ जुळते का, तुझ्यावर इथले कोण जगते? गुलमोहराला पहिल्या दोन प्रश्नांवर बरे गुण मिळतात, शोभेच्या लाल निलगिरीला एकावरही नाही, आणि पळसाला तिन्हींवर पूर्ण. गुजरातने २०२३ मध्ये कोनोकार्पस लावायला बंदी घातली, तेव्हा तोवर शहरांनी त्याची लाखो रोपे कौतुकाने वाढवली होती. हे तीन प्रश्न आधी विचारले असते तर तो खर्चही वाचला असता आणि ती झाडे तोडण्याचे दुःखही.

तिसरा आक्षेप काळाचा, आणि तो मनाला खरोखर लागतो. बियांपासून वाढवलेला पळस फुलायला सात-आठ वर्षे तरी घेतो, जागा कठीण असेल तर अधिक. पन्नाशीत घर बांधणाऱ्याला हा हिशेब नकोसा वाटतो. टॅबेबुया याच्या निम्म्या काळात फुलून मोकळा होतो. यावर झटपट उत्तर नाही, आणि ते आहे असे भासवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याला वाट पाहणे शक्य नाही त्याने जवळच्या जागी लवकर फुलणारा पांगारा लावावा. त्याच्या फांद्याच जमिनीत रोवल्या तरी लागतात, आणि तोही पाने गळल्यावर लाल फुलतो. किंवा अरुंद प्लॉटसाठी बहावा लावावा, जो चैत्र-वैशाखात पिवळ्या झुंबरांनी भरतो. पळस पंधरा मीटरपर्यंत जाणारा वृक्ष आहे. भिंतीपासून पंधरा-वीस फूट आणि विजेच्या तारांपासून दूर अशीच त्याची जागा असावी, आणि वीस बाय तीसच्या प्लॉटवर ती निघत नाही. एका परीने हे बरेच आहे. पळसाची खरी जागा घराच्या दारापेक्षा सार्वजनिक दारांत आहे: शाळेच्या फाटकाशी, ग्रामपंचायतीच्या आवारात, स्मशानभूमीच्या वाटेवर, तलावाच्या पाळूवर, बाजार समितीच्या कडेला.

आणि त्या जागा मराठवाड्यात कमी नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर औसा, निलंगा, उमरगा, लोहारा या तालुक्यांतली कितीतरी गावे नव्या जागी वसली. जुनी गावे अरुंद बोळांची होती. नव्या गावांचे रस्ते रुंद आहेत आणि मधे मोकळ्या जागा आहेत, त्यांतल्या पुष्कळ अजून उघड्याच आहेत. नक्षत्रवने गावोगाव झाली आहेत आणि पूर्वा फाल्गुनीचे झाड म्हणून त्यांत एकेक पळस असतोही. पण एकटा पळस शेंगा कमी धरतो हे आपण पाहिलेच. त्याला सोबत हवी, आठ-दहांची ओळ हवी. राज्याने २०१९ च्या पावसाळ्यात तेहेतीस कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले होते. एवढ्या संख्येत रोपे लावताना कोणते रोप सहज मिळते यावरच निवड ठरते, आणि पळसाचे रोप नर्सरीत मागितले तर सहसा मिळत नाही, कारण पिशवीत तो नीट वाढत नाही आणि मार्चमध्ये काडी झालेले रोप कोणी विकत घेत नाही. म्हणून पळसाची लागवड उद्दिष्टाच्या पद्धतीने होणार नाही. ती शेंगांनीच करावी लागेल. किनवट आणि माहूरच्या रानात मे महिन्यात त्या पोत्यांनी गोळा करता येतात. लातूरला आणायला एसटीचा एक दिवस लागतो, आणि मृगाच्या पहिल्या पावसात शाळेतल्या मुलांच्या हातांनी त्या मुरमाड माळावर टोकायला एक सकाळ पुरते. परभणीचे कृषी विद्यापीठ, त्याचे लातूरचे कृषी महाविद्यालय आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ यांच्याकडे जमीनही आहे आणि वनस्पती जाणणारी माणसेही आहेत. कोणत्या मातीत शेंडा किती वर्षे वाळतो, मुरूम किती मिसळला तर रोप लवकर सावरते, इथल्या कोणत्या झाडांची फुले जास्त गडद, कोणती लवकर फुलतात, याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या तर गुलमोहराइतक्याच भरवशाने पळस निवडता येईल. फिकट पिवळ्या फुलांचा पळसही क्वचित आढळतो. अशा झाडांचे ठिकाण जाहीर न करता त्यांचे बी जपण्याचे काम हीच माणसे करू शकतील.

येत्या जूनमध्ये ज्यांना सुरुवात करायची असेल त्यांनी दोन गोष्टी आत्ताच ठरवाव्यात: कुंपणाशी जागा, आणि मार्चमध्ये ती काडी कोणी उपटायची नाही हे घरातल्या सगळ्यांना सांगण्याची जबाबदारी कोणाची.